टर्मिनेटरची कवटी: हुबेहूब प्रतिकृती कशी घडवावी

'द टर्मिनेटर' या 1984 सालच्या चित्रपटाच्या अखेरीस टँकरच्या आगीतून यंत्रमानवाचा जो धातूचा सांगाडा उठून उभा राहतो, तो दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांना रोममध्ये तापाने फणफणलेले असताना स्वप्नात दिसला होता आणि स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने तो पडद्यासाठी घडवला. संपूर्ण सांगाडा उभारणे हे फार मोठे काम आहे, म्हणून सुरुवात कवटीपासून करावी. मणके, बरगड्या आणि हात यांसाठी लागणारे सगळे कसब या एका भागात शिकून होते.

सर्वांत आधी कोणत्या चित्रपटातील कवटी करायची ते ठरवावे. पहिल्या चित्रपटातील सांगाडा आगीतून बाहेर आल्यामुळे काजळलेला आहे, तर 1991 च्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला, भविष्यातील युद्धाच्या दृश्यांत, तो लखलखीत दिसतो. दोन्हींची सरमिसळ केलेली कवटी कितीही सफाईदार असली तरी तिला अचूक म्हणता येत नाही. संदर्भासाठी छायाचित्रे निवडताना जवळून, रुंद भिंगाने टिपलेली चित्रे मापासाठी वापरू नयेत, कारण त्यांत पुढचे दात आणि जबडा फुगलेले व कपाळ मागे गेलेले दिसते. दुरून, लांब भिंगाने घेतलेले एक समोरचे आणि एक बाजूचे चित्र मिळाले की तेच प्रमाण मानावे.

प्रमाण चुकले तर पुढचे सारे श्रम वाया जातात. हा सांगाडा टर्मिनेटरची भूमिका करणाऱ्या अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या चेहऱ्याच्या आत बसणारा म्हणून कल्पिलेला आहे, म्हणजे यंत्राचे डोळे माणसाच्या डोळ्यांच्या जागीच यायला हवेत. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असते. ते आधार धरून संगणकावरील त्रिमितीय आराखडा लहानमोठा करावा आणि मगच थ्रीडी प्रिंटरवर छपाईला घ्यावा.

छपाई करताना माथा, खालचा जबडा, दातांच्या ओळी, डोळ्यांच्या वाट्या आणि गालाजवळचे दट्टे (पिस्टन) हे सुटे भाग ठेवावेत. दात वेगळे ठेवण्याचे कारण साधे आहे: जोडलेल्या दातांच्या फटींत पॉलिश पेपर पोहोचत नाही. दट्टे तर छापूच नयेत. लेथवर कातलेल्या पोलादी सळईवर प्रकाशाची जी सरळ रेघ उमटते, ती छापील प्लास्टिकवर आणणे जवळपास अशक्य असते. छपाईत वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवलेला भाग वाकडा होऊ शकतो.

यानंतरची घासाई ही या कामाचा प्राण आहे. क्रोमची चकाकी एकही दोष झाकत नाही, उलट तो दुप्पट करून दाखवते. लांबी (पुट्टी) भरावी, प्राइमर फवारावा, त्यावर काळ्या रंगाचा अगदी पातळ फवारा मारावा आणि 180 नंबरच्या पेपरने घासावे. जिथे काळे ठिपके उरतात तिथे खळगा आहे, तिथे पुन्हा लांबी भरावी. हाच क्रम 320, 600, 1000 आणि 2000 नंबरपर्यंत, शेवटचे टप्पे पाण्याबरोबर, न्यावा. काम पुरे झाले की नाही हे बोटांना कळत नाही, ते ट्यूबलाइटला कळते: चमकदार काळा रंग दिलेल्या कपाळावर तिचे प्रतिबिंब कुठेही न मोडता वाहत गेले पाहिजे. घासताना धुळीसाठी आणि फवारताना वाफेसाठी योग्य गाळणी असलेला मास्क अनिवार्य आहे. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना कायमची इजा करू शकते.

एकापेक्षा अधिक प्रती हव्या असतील तरच सिलिकॉनचा साचा करावा. मूळ नमुन्याला गंधक असलेली माती लागलेली असेल तर प्लॅटिनम प्रकारचे सिलिकॉन तिथे घट्ट होत नाही, चिकट राहते. साच्यात ओतायचे पॉलियुरेथेन रेझिन ओलावा शोषून फेसाळते, म्हणून कोकणात पावसाळ्यात हे काम न केलेलेच बरे.

चकाकीसाठी माझी पहिली पसंती निर्वातात ॲल्युमिनियमचा थर चढवण्याच्या पद्धतीला आहे. मोटारीच्या दिव्यांचे परावर्तक याच पद्धतीने चमकवले जातात, त्यामुळे वाहनउद्योगासाठी असे काम करणाऱ्या कारखान्यात चौकशी करावी. ते न जमल्यास चमकदार काळ्या थरावर एअरब्रशने क्रोम रंगाचे अतिशय पातळ हात द्यावेत. काळा थर पूर्ण सुकलेला असावा आणि क्रोमवर वार्निश मारण्याआधी निरुपयोगी तुकड्यावर चाचणी घ्यावी, कारण बहुतेक वार्निशांनी ती चमक राखाडी पडते. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाची फवारणी मात्र घरी करू नये. त्याचे उरलेले मिश्रण साठवले तर त्यात स्फोटक संयुगे तयार होतात.

डोळ्यांसाठी 5 मिलिमीटरचा लाल एलईडी पुरतो. त्यावर सुमारे 2 व्होल्ट खर्ची पडतात, म्हणून 5 व्होल्टच्या पुरवठ्यावर 220 ओहमचा रोधक (रेझिस्टर) प्रत्येक एलईडीला स्वतंत्र जोडल्यास जवळपास 14 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एलईडी गडद लाल ॲक्रिलिकच्या मागे बसवावा, म्हणजे विझलेला डोळा काळा आणि पेटलेला डोळा खोल दिसतो.

पहिल्या चित्रपटाची कवटी असेल तर शेवटी कोरडी काळी भुकटी मऊ कुंचल्याने सांध्यांत, दातांच्या मुळाशी आणि डोळ्यांच्या खोबणीत बसवावी, उंचवट्यांवरून ती कापडाने हलकेच टिपून घ्यावी आणि प्रत्येक दोन-तीन हातांनंतर प्रमाण मानलेले छायाचित्र पुन्हा समोर धरावे.