साहेबांना कॅमेऱ्यासमोर वाचायला लावू नका: कामगारांसाठी दीड मिनिटाचा व्हिडिओ

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करताना मी असे पुष्कळ व्हिडिओ केले. बसचे थांबे बदलले, कॅन्टीनची वेळ बदलली, नवे सुरक्षा बूट आले, असे साधे विषय. यासाठी चांगला कॅमेरा घ्या, सुरुवातीला कंपनीचे बोधचिन्ह फिरवा, मागे संगीत लावा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो बाजूला ठेवा. फोन पुरतो आणि संगीताने बोलणे दबते.

एका व्हिडिओत एकच गोष्ट सांगा, दीड मिनिटात. सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. तेवढ्यात दोन बदल मावत नाहीत.

आता अवघड टप्पा. बोलणाऱ्याला बोलते करणे.

माझा पहिला व्हिडिओ बसच्या नव्या थांब्यांचा होता. परिपत्रक तयार होतेच, तेच मोठ्या अक्षरांत कॅमेऱ्यामागे धरले आणि प्लान्ट हेडनी वाचले: "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, बससेवेच्या मार्गात बदल करण्यात येत आहे." एकही चूक झाली नाही. सोमवारी दुसऱ्या पाळीची बरीच माणसे जुन्याच थांब्यावर उभी होती. त्यातल्या एकाला विचारले तर म्हणाला, "बघितला की मॅडम व्हिडिओ. पण ते आम्हाला सांगतायत असं वाटलं नाही."

दोष "करण्यात येत आहे" या शब्दांत होता. कागदावर ते चालतात, तोंडी बोलण्यात कोणीच असे बोलत नाही. शिवाय या रचनेत करणारा दिसत नाही. बदल कोणी केला? का केला? ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, आणि हे वाक्य नेमके तेच लपवते. "आम्ही दोन थांबे बंद करतोय, कारण तिथे बस वळवताना रस्ता अडतो," हे सांगायची साहेबांची तयारी नसेल, तर व्हिडिओ करूच नका.

तेव्हापासून मी संहिता लिहिणे सोडले. पद्धत अशी आहे. दोन दिवस आधी गेटवर, कॅन्टीनमध्ये आणि लाइन लीडरांकडे, म्हणजे उत्पादनाच्या एकेका लाइनवरच्या कामगारांच्या प्रमुखांकडे, विचारत फिरा: हे बदलणार आहे, तुम्हाला काय विचारायचंय? पाच-सहा प्रश्न हमखास मिळतात. तिसऱ्या पाळीच्या लोकांना जरूर विचारा, कारण त्यांची अडचण दिवसा ऑफिसात बसणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. रात्री सुटल्यावर नव्या थांब्यापासून घरापर्यंत दिवे आहेत का, हा प्रश्न मला एका ऑपरेटर ताईंनी दिला. माझ्या डोक्यात तो कधीच आला नसता.

मग कॅमेऱ्याला अगदी खेटून एका कामगाराला बसवा, डोळे भिंगाच्या उंचीवर येतील असे. प्रश्न त्याने विचारायचे आणि साहेबांनी उत्तर त्याला द्यायचे. पुढे-पुढे करणारा माणूस निवडू नका. मेंटेनन्समधला जुना, कोणाला न घाबरणारा माणूस उत्तम. समोर खरा माणूस दिसला की आवाज आपोआप खाली येतो आणि "सर्व संबंधितांना" हे शब्द तोंडातून निघतच नाहीत.

साहेबांच्या हातात फक्त एक चिठ्ठी असू द्या: तारीख, वेळ, थांब्यांची नावे. आकडे पाठ करायला लावू नका. पहिल्यांदा बोलणे ताठर होते, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सुटे होते. पाचव्या वेळेनंतर ते पाठांतर होते, तेव्हा तिथे थांबा. अनेकदा सर्वांत चांगले वाक्य "झालं का?" असे विचारल्यानंतर येते, म्हणून रेकॉर्डिंग लगेच बंद करू नका. मात्र ते वाक्य वापरायचे असेल तर आधी त्यांना दाखवून परवानगी घ्या.

भाषेबद्दलही माझे मत पक्के आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमातच नोटीस बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही असावी असे होते. व्हिडिओलाही तेच लागू करा. बिहार, ओडिशाकडची माणसे लाइनवर असतील तर हिंदीत वेगळे रेकॉर्डिंग करा, समोर प्रश्न विचारायलाही त्यांच्यातलाच माणूस बसवा. मराठी व्हिडिओवर हिंदी आवाज चढवला की ओठ एक बोलतात आणि कान दुसरेच ऐकतात.

आवाजासाठी कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि पंखा बंद करा. काचेच्या मीटिंग रूममध्ये आवाज घुमतो. खोक्यांनी भरलेले स्टोअर बरे, पुठ्ठा आवाज शोषून घेतो. प्रेस मशीन चालू असताना शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन चालते तिथे, बोलणे घेऊ नका, तिथली फक्त दृश्ये घ्या. उजेड खिडकीचा, चेहऱ्यावर समोरून.

पहिल्या दहा सेकंदांत तारीख आणि बदल आला पाहिजे. बोललेले सगळे खाली अक्षरांत द्या, कारण कॅन्टीनच्या गलक्यात आवाज ऐकू जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकून काम संपत नाही. कंत्राटी कामगार बहुतेकदा त्या गटात नसतातच. पाळी सुरू होतानाच्या दहा मिनिटांच्या बैठकीत लाइन लीडरने व्हिडिओ दाखवावा आणि लगेच दोघांना विचारावे, "सोमवारी कुठे उभं राहणार?" उत्तर चुकले तर तो भाग पुन्हा रेकॉर्ड करा.

कोणाचे काम जाणार असेल, ओव्हरटाइम बंद होणार असेल, तर व्हिडिओ नको. साहेबांनी तिन्ही पाळ्यांसमोर स्वतः उभे राहावे, कारण अशा वेळी माणसाला उलट विचारता आले पाहिजे. आणि कायद्याने लावायची नोटीस फलकावर लागलीच पाहिजे, व्हिडिओने ती टळत नाही.

व्हिडिओवर कोपऱ्यात तारीख कायम दिसू द्या आणि पुढचा बदल आला की जुना गटातून काढून टाका. बसच्या जुन्या वेळांचा व्हिडिओ सहा महिन्यांनी कोणीतरी पुढे पाठवतो, आणि नवीन आलेला मुलगा पहाटे चुकीच्या थांब्यावर जाऊन उभा राहतो.