पाकट आणि दयाळ: तुलना कशी मांडायची

नववीतली नात प्रकल्पाची वही घेऊन बसली होती. एका रकान्यात पाकट हा चपटा मासा, दुसऱ्यात दयाळ हा पक्षी. पहिलीच ओळ: हा पाण्यात राहतो, तो झाडावर. म्हटलं, "अगं, हे वही न उघडताही कळतं." तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, अशा वह्या पुष्कळ तपासल्यात.

आधी नावं एका पातळीवर आणा. दयाळ ही एकच जात, कॉप्सिकस सॉलॅरिस. पाकट म्हणजे मात्र अनेक जातींचा गट. आम्ही त्यातला ठिपक्यांचा गरुड पाकट निवडला, एटोबॅटस ऑसेलेटस.

मग एकच अवयव धरा. आम्ही पंख धरला. दयाळाचा पंख म्हणजे पुढचा पायच: खांद्यापासून एक हाड, पुढे दोन, मग जुळून गेलेली बोटं, वर पिसं. पाकटाचा पंख म्हणजे रुंद होऊन डोक्याच्या कडेला भिडलेला छातीचा पर (माशाचा पोहायचा अवयव). त्यात हाड एकही नाही, सगळी कास्थी, आपल्या कानात असते तशी लवचीक. दोन्हींचं मूळ एकाच प्राचीन परांच्या जोडीत आहे, पण पंखाचा आकार दोघांनी स्वतंत्रपणे कमावला. हे तक्त्यात मावत नाही, त्याला अर्धं पान द्या.

वाचून भागत नाही, हाताळायला हवं. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून साधा, ताटलीएवढा पाकट आणला. शेपटीचा काटा मावशींकडूनच काढून घ्या, मेल्यावरही त्याचं विष बाधतं. घरी परातीत उलटा केला. तोंड खालच्या बाजूला, त्यामागे कल्ल्यांच्या पाच-पाच फटी. पाठीवर डोळ्यांमागे दोन भोकं: पाणी तिथून आत, फटींतून बाहेर. पराची कड उजेडासमोर धरली तर कास्थीच्या काड्या कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने दिसल्या. नात बराच वेळ त्यांवरून बोट फिरवत होती.

दयाळासाठी उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला गच्चीत जा. कोथरूडात आमच्या शेजारच्या टाकीवर नर येतो, काळा-पांढरा, शेपटी ताठ. मादी काळ्याच्या जागी राखाडी. गाताना त्याचा गळा थरथरतो, पण सूर निघतो खाली, श्वासनलिकेला फाटे फुटतात तिथून.

पिल्लांची नोंद दोन ओळींत होते. दयाळ ढोलीत चार-पाच अंडी घालते. गरुड पाकटाची मादी जिवंत पिल्लं देते, पोटात त्यांना दुधासारखा स्राव पुरवते.

नातीने 'गाणं' असा रकाना आखला होता. तो खोडून तिने दयाळासाठी वेगळं पान केलं, आणि शिंपले फोडणाऱ्या चपट्या दातांसाठी पाकटाला दुसरं.