व्हॉट्सॲपवरच्या अहिराणीवर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला लघुप्रबंधासाठी समाजमाध्यमांवरची भाषा हा विषय घेणाऱ्या मुलामुलींचं आधी कौतुक करायला हवं. खान्देशात या विषयाला सामग्रीचा तोटा नाही. एकाच कुटुंबाच्या ग्रुपवर पुण्यात नोकरी करणारा नातू रोमन लिपीत मराठी लिहितो, शिक्षक असलेले काका देवनागरीत पुस्तकी मराठी लिहितात, आणि अमळनेरची आजी टाइप करायच्या भानगडीत पडत नाही. ती सरळ अहिराणीत बोलून व्हॉइस मेसेज पाठवते. तरीही अशा प्रबंधांचा निष्कर्ष बहुतेक वेळा ठरलेला असतो: नवी पिढी बोली सोडते आहे. हे खरंही असू शकेल. पण तो निष्कर्ष कशावर उभा आहे ते उघडून पाहिलं की कळतं, सामग्री गोळा करतानाच बोली गळून गेलेली असते. सिद्धांताची प्रकरणं बहुतेकांची ठीक असतात. घोळ होतो तो त्याआधी, फाइल तयार करताना.

सर्वांत मोठी चूक: आवाज बाहेर ठेवणं

ग्रुपमधून 'एक्स्पोर्ट चॅट' करताना, म्हणजे चॅट फाइलमध्ये काढून घेताना, फाइल छोटी व्हावी म्हणून मुलं 'विदाउट मीडिया' निवडतात. फोटो गेले तर फारसं बिघडत नाही, पण त्यांच्याबरोबर व्हॉइस मेसेजही जातात. आजीचं सगळं बोलणं जातं आणि तिच्या नावापुढे 'मीडिया ओमिटेड' एवढीच ओळ उरते. उरलेल्या लिखित मजकुरात प्रमाण मराठी जास्त दिसणारच, कारण शाळेत लिहायला शिकवली ती प्रमाण मराठीच. बोली लिहायचं वळण कोणी लावलंच नाही. एवढ्यावर 'अहिराणीचा वापर अत्यल्प' असं लिहिणं त्या बोलणाऱ्या माणसांवर अन्याय आहे.

उपाय कष्टाचा आहे, पण तोच खरा. ग्रुप कमी निवडा, कालावधी छोटा ठेवा, आणि फाइल मीडियासकट घ्या. व्हॉइस मेसेज ऐकून लिहून काढा. त्यासाठी 'एलॅन' हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे, त्यात आवाजाचा प्रत्येक तुकडा आणि त्याचा मजकूर एकमेकांना जोडलेला राहतो. लिहिताना 'सुधारू' नका. बोलणारी व्यक्ती 'डोया' म्हणाली तर 'डोया'च लिहा, 'डोळा' नको.

फाइल हातात आली की लगेच शब्द मोजायला बसू नका. आधी नुसती वाचा. तिच्यात 'मीडिया ओमिटेड', 'हा मेसेज डिलीट केला', अमका ग्रुपमध्ये आला, तमका बाहेर पडला, अशा व्हॉट्सॲपने स्वतः घातलेल्या ओळी असतात. त्या न काढता फाइल 'अँटकाँक' या शब्द मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, तर वारंवारितेच्या यादीत 'मीडिया' हा शब्द वरच्या नंबरला येतो, आणि कोणीतरी त्यावर अख्खा परिच्छेद लिहितं. शिवाय ग्रुप मोठा असेल तर एक्स्पोर्टमध्ये ठरावीक मर्यादेपर्यंतचे अलीकडचे मेसेजच येतात. पहिल्या आणि शेवटच्या मेसेजची तारीख पाहा आणि तीच प्रबंधात लिहा. 'पाच वर्षांची चॅट' असं ठोकून देऊ नका.

फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हं दिसली तर घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. फाइलवर थेट डबल क्लिक करण्याऐवजी 'डेटा' टॅबमधून ती आत घ्या आणि एन्कोडिंगच्या यादीत ६५००१, म्हणजे युनिकोड यूटीएफ-८, निवडा.

रोमन लिपीतला 'शे'

भाषा आपोआप ओळखणाऱ्या टूलवर मेसेज सोडून देणं ही दुसरी मोठी चूक. अहिराणीतलं 'शे' (म्हणजे 'आहे') रोमन लिपीत लिहिलं की ते हुबेहूब इंग्रजीतल्या 'शी' या सर्वनामासारखं दिसतं. 'माले' ('मला') लिहिलं की इंग्रजीतला 'मेल', म्हणजे पुरुष. 'तुना' ('तुझा') लिहिलं की टूना हा मासा. हे तिन्ही बोलीतले रोजच्या वापरातले शब्द, आणि टूल तिन्ही इंग्रजीच्या खात्यात टाकतं. मग तक्त्यात इंग्रजी वाढते आणि बोली घटते. निदान एक नमुना तरी हाताने तपासा, आणि टूलची गफलत किती ठिकाणी झाली ते पद्धतीच्या प्रकरणात सांगा. परीक्षक अशा कबुलीला मान देतात.

बोलीचं शुद्धलेखन ठरलेलं नसल्यामुळे 'जाई राहिना', 'जाई राह्यना', 'जाई रायना' (म्हणजे 'जातो आहे') ही तिन्ही रूपं एकाच ग्रुपवर सापडतील. तिन्हींचं एक करून टाकण्याची घाई करू नका, कारण कोण कसं लिहितं हाच तुमचा विषय आहे. एक्सेलमध्ये दोन रकाने करा: एकात जसं आलं तसं, दुसऱ्यात मोजणीसाठी ठरवलेलं एकच रूप. पहिल्या रकान्याला हात लावायचा नाही.

याच्याच जोडीला देवनागरीतली एक छुपी अडचण आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: कुठे 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून, कुठे साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. 'ॲ'चंही तेच. एक सलग अक्षर, किंवा 'अ'वर वेगळा चंद्र. स्क्रीनवर फरक दिसत नाही, पण संगणक ते दोन शब्द मोजतो. वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालेलं एकसारखं करणाऱ्या नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशननेही हे जुळत नाही. 'फाइंड अँड रिप्लेस' करूनच जुळवावं लागतं.

कोणती बोली, ते आधी ठरवा

खान्देश म्हणजे अहिराणी, हे समीकरण शीर्षकातच घालू नका. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, आणि नाशिक जिल्ह्यातलं बागलाण, मालेगाव हा अहिराणीचा पट्टा. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली. शहादा, तळोद्याकडे गुजरी आहे, सातपुड्यात पावरी, नवापूरला मावची. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) कविता अहिराणीत आहे, असं वाक्य अजूनही प्रबंधांत येतं. त्यांची बोली लेवा गणबोली. ओळखायला सोपं आहे: त्यांच्याकडे 'माझी' येतं, अहिराणी बोलणारा 'मनी' म्हणतो. ज्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, तिथेच प्रबंध जमा करताना ही चूक फार बोचते.

अहिराणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद एका ओळीत मिटवू नका. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खान्देशी ही भिली भाषांबरोबर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे (१९०७). २०११च्या जनगणनेतही 'खान्देशी' मराठीपासून वेगळी दाखवली असून अहिराणी तिच्याखाली येते. तुम्ही कोणती बाजू घेता आणि का, एवढं स्पष्ट लिहा.

परवानगी

'मी ग्रुपमध्येच आहे, मग विचारायचं कशाला' हे चालत नाही. लोकांनी मेसेज घरच्यांसाठी लिहिले होते, परीक्षकासाठी नाही. पण इथे एक पेच आहे, समाजभाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी दाखवलेला: निरीक्षण होतंय म्हटलं की माणसं जपून बोलतात. 'आजपासून मी अभ्यास करतोय' असं ग्रुपवर जाहीर केलंत तर दुसऱ्या दिवसापासून काका आणखीच शुद्ध लिहायला लागतील. म्हणून आधीच होऊन गेलेल्या संभाषणासाठी परवानगी मागा. एकेकाशी वेगळं बोला. ज्येष्ठांना त्यांच्याच बोलीत समजावून सांगा, आणि एखाद्याने नाही म्हटलं तर त्याच्या सगळ्या ओळी काढा. त्याचा मजकूर उद्धृत करून उत्तर दिलेल्या ओळीही तपासा.

नावं बदलताना नुसतं नाव बदलून भागत नाही. एक्स्पोर्टमध्ये नाव येतं ते तुमच्या फोनमध्ये सेव्ह केलेलं, म्हणजे 'बापू केळीवाले रावेर' असंही. धंदा आणि गाव मिळून माणूस लगेच ओळखू येतो. शेताचा गट नंबर, मोबाइल नंबर, आजारपणाचे उल्लेख मजकुरातही असतात, तेही शोधून गाळा.

साम्यतपासणीबद्दल, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला आहे का हे पाहण्याबद्दल, थोडंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. जुन्या प्रबंधातली व्याख्यांची पानं जशीच्या तशी उचलली की आकडा तिथेच फुगतो. व्याख्या कमी करा, तुमच्या ग्रुपमधली उदाहरणं वाढवा.

आणि सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, मंजुरीला जाण्याआधी स्वच्छ केलेल्या शंभरेक ओळी, दोन-तीन व्हॉइस मेसेजच्या लेखनासह, गाइडसमोर ठेवा. कोणती बोली, कोणती लिपी, काय मोजायचं आणि काय गाळायचं, हे त्या शंभर ओळींवर बोलताना ठरतं. हजारो ओळी गोळा झाल्यावर ते बदलायला वेळ उरत नाही.