मशीन लर्निंगचं टूल निवडताना या चुका टाळा

पायटॉर्च की टेन्सरफ्लो (मॉडेल बनवायच्या दोन लोकप्रिय लायब्ररी), हा प्रश्न बहुतेक वेळा फार लवकर विचारला जातो. डेटा अजून एक्सेलमध्ये पडून असतो, मॉडेल शेवटी सर्व्हरवर चालणार की मोबाइलमध्ये हे ठरलेलं नसतं आणि मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे हे कुणी पाहिलेलं नसतं. या तीन गोष्टी आधी कागदावर लिहून काढा. निम्मे पर्याय तिथेच गळतात.

तक्त्यातल्या डेटासाठी थेट डीप लर्निंग

५० हजार ओळी, ४० रकाने, आणि शोधायचंय काय, तर कोणता ग्राहक हप्ता चुकवेल. अशा कामाला न्यूरल नेटवर्क, म्हणजे डीप लर्निंग, घेऊन बसू नका. सायकिट-लर्नमधलं हिस्टोग्रॅम ग्रेडियंट बूस्टिंग, एक्सजीबूस्ट किंवा लाइटजीबीएम ही निर्णयवृक्षांवर चालणारी टूल्स साध्या लॅपटॉपवर, जीपीयूशिवाय (ग्राफिक्स कार्डाशिवाय), एक-दोन मिनिटांत उत्तर देतात आणि रिकाम्या जागाही स्वतःच सांभाळून घेतात. तालुका, पिनकोड, उत्पादनाचा प्रकार असे रकाने जास्त असतील तर कॅटबूस्ट वापरून पाहा. डीप लर्निंग करायचंच असेल तर आधी या टूल्सच्या अचूकतेचा आकडा हातात घ्या आणि तो मोडून दाखवा.

अडचण येते ती रॅमची. १ कोटी ओळी गुणिले ५० रकाने गुणिले ८ बाइट म्हणजे ४ जीबी. प्रक्रियेत त्याच्या दोन-तीन प्रती सहज तयार होतात आणि ८ जीबीचं मशीन गुडघे टेकतं. अशा वेळी नवं टूल शोधण्याआधी रकाने ३२ बिटांवर आणून बघा, डेटा तिथेच निम्मा होतो.

जीपीयू आहे, पण वापरातच नाही

घोडं सर्वात जास्त पेंड खातं ते इथेच. विंडोजवर पिपनं (पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल) नुसतं ‘पिप इन्स्टॉल टॉर्च’ केलं की फक्त सीपीयूवर चालणारं पायटॉर्च येतं. एररही येत नाही. ट्रेनिंग सुरू होतं, पंखा घोंघावतो, आणि तासाभराचं काम रात्रभर चालतं. ओळखायला सोपं आहे: टॉर्चची आवृत्ती छापून पाहा. आकड्यामागे अधिक चिन्ह आणि ‘सीपीयू’ असं आलं, तर बिघाड तोच.

दुरुस्ती करताना आधीचं टॉर्च काढून टाका. ते राहिलं तर पिप ‘आधीच इन्स्टॉल आहे’ म्हणून पुढे जातं आणि तुम्हाला वाटतं काम झालं. मग पायटॉर्चच्या अधिकृत साइटवर आपली ऑपरेटिंग सिस्टीम आणि कुडाची (एनव्हिडियाच्या कार्डांवर गणित चालवणारं सॉफ्टवेअर) आवृत्ती निवडा आणि तिथली कमांड जशीच्या तशी, इंडेक्सच्या पत्त्यासकट, चिकटवा.

कुडाची कोणती आवृत्ती घ्यायची, इथे दुसरा घोळ होतो. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड वरच्या कोपऱ्यात जो कुडाचा आकडा दाखवते, तो इन्स्टॉल झालेल्या कुडाचा नसतो. तुमच्या ड्रायव्हरला जास्तीत जास्त कुठवर झेपेल, त्याची ती मर्यादा. त्या आकड्याएवढी किंवा त्याहून खालची आवृत्ती घ्या. पायटॉर्च आपल्याला लागणारं कुडा बरोबर घेऊनच येतं, त्यामुळे काही जीबींचं कुडा टूलकिट वेगळं उतरवायची गरज नाही. स्वतःचे कर्नल (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल करायचे असतील तरच ते लागतं.

टेन्सरफ्लोचं वेगळंच. मूळ विंडोजवर जीपीयूचा आधार २.१० या आवृत्तीपर्यंतच होता. २.११ पासून डब्ल्यूएसएल२ मध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लिनक्स टाकून त्यातच चालवावं लागतं. जुने लेख वाचून कुडा आणि सीयूडीएनएनच्या फाइल्स हातानं कॉपी करत बसण्यात अर्थ नाही. शिवाय टेन्सरफ्लो सुरू होताच जीपीयूची जवळपास सगळी मेमरी अडवून धरतं. त्याच कार्डावर दुसरं काही चालवायचं असेल तर मेमरी ग्रोथचा पर्याय चालू करा, तोही कार्डावर पहिलं काम जाण्याआधी.

सगळं नीट करूनही नोटबुकमध्ये (पायथन कोड तुकड्यांनी चालवायची वही) ‘मॉड्यूल सापडत नाही’ येत असेल, तर टर्मिनल आणि नोटबुक वेगवेगळे पायथन वापरताहेत. नोटबुकमध्ये ‘सिस’मधलं ‘एक्झिक्युटेबल’ छापा. पत्ता दुसऱ्याच फोल्डरचा निघाला तर नोटबुकचं कर्नल (त्यामागचं पायथन) बदला, किंवा नोटबुकच्याच सेलमध्ये टक्क्याच्या चिन्हासह पिप चालवा.

मेमरीचा हिशेब न करता मॉडेल निवडणं

७ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेल शिकतं ते आकडे) भाषिक मॉडेल १६ बिटांत नुसतं उघडायलाच १४ जीबी लागतात. गूगलच्या मोफत कोलॅब नोटबुकमध्ये सहसा मिळणारं टी४ कार्ड १६ जीबीचं, म्हणजे मॉडेल कसंबसं बसतं आणि मजकूर लांबला की फुटतं. तेच मॉडेल नेहमीच्या पद्धतीनं, अ‍ॅडम ही पॅरामीटर सुधारत नेणारी पद्धत वापरून पूर्ण ट्रेन करायचं तर प्रत्येक पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट धरा: ११२ जीबी. म्हणून एका कार्डावर काम करणाऱ्यानं मॉडेल ४ बिटांत, म्हणजे सुमारे ३.५ जीबीत, उघडून वर लोरा या पद्धतीचे छोटे थर ट्रेन करावेत. आणि टी४ वर बीफ्लोट१६ हा १६ बिटी आकड्यांचा प्रकार निवडू नका. त्याचा हार्डवेअर आधार एनव्हिडियाच्या अँपिअर पिढीच्या कार्डांपासून सुरू होतो. टी४ ला साधा एफपी१६ द्या.

एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळा बाजार

जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची २.० आवृत्ती आली आणि १.एक्सवर कंपाइल झालेली अनेक पॅकेजेस इम्पोर्टलाच कोसळू लागली. तशा एररवर तातडीचा उपाय म्हणजे नमपाय २ च्या खाली बांधून ठेवणं; खरा उपाय, ते जुनं पॅकेज अपडेट करणं. दर प्रोजेक्टला वेगळं एन्व्हायर्नमेंट (पायथन आणि लायब्ररींचा स्वतंत्र संच) करा, टेन्सरफ्लो आणि पायटॉर्च एकत्र ठेवू नका, आणि पायथनची काल आलेली आवृत्ती घेऊ नका. लायब्ररींना तिथवर पोचायला वेळ लागतो.

जुन्या ट्युटोरियलवर भरवसा

जुन्या लायब्ररींपैकी थिआनोचा विकास २०१७ मध्ये थांबला, कॅफे२ पायटॉर्चमध्ये विलीन झालं, एमएक्सनेट २०२३ मध्ये अपाचेच्या अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे माळ्यावर गेलं. तरी त्यांचे धडे अजून शोधात वर येतात. टेन्सरफ्लोसोबत येणाऱ्या केरास लायब्ररीचे जुने धडेही असेच दगा देतात: टेन्सरफ्लो २.१६ पासून केरास ३ येतं आणि आधीचा बराच कोड त्यावर अडखळतो. जुना प्रोजेक्ट चालवायचाच असेल तर ‘टीएफ-केरास’ हे वेगळं पॅकेज टाका.

‘मोफत’ शब्द वाचून पुढे जाणं

अ‍ॅनाकोंडाचं पायथन पॅकेजांचं मुख्य भांडार २०० किंवा त्याहून जास्त माणसांच्या कंपनीला सहसा विकतच घ्यावं लागतं. त्याऐवजी मिनीफोर्ज हा इन्स्टॉलर आणि कोंडा-फोर्ज हे मोफत भांडार चालतं. अल्ट्रालिटिक्सचं योलो (चित्रातल्या वस्तू ओळखणारं मॉडेल) एजीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे. ते आपल्या बंद प्रॉडक्टमध्ये घातलं तर आपला कोडही खुला करावा लागू शकतो, नाहीतर व्यावसायिक परवाना घ्या. हे वकिलाला शेवटच्या आठवड्यात कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी वाचलेलं बरं.

दोन जणांच्या टीमनं पहिल्याच महिन्यात कुबफ्लो (सर्व्हर-समूहांवर चालणारी मोठी एमएल यंत्रणा) उभारणं म्हणजे आधी कळस, मग पाया. प्रयोगांच्या नोंदीला लोकल एमएलफ्लो पुरतं, कधीकधी साधी सीएसव्हीसुद्धा.

मॉडेल बाहेर कसं जाणार, हे शेवटी ठरवणं

सायकिट-लर्नचं मॉडेल पिकल करून, म्हणजे पायथनच्या पद्धतीनं फाइलमध्ये साठवून, दुसऱ्या आवृत्तीत उघडलं तर नशीब चांगलं असल्यास नुसती वॉर्निंग येते, नाहीतर उत्तरं गुपचूप बदलतात. फाइलशेजारी आवृत्त्यांची यादी ठेवाच. अनोळखी माणसाची पिकल फाइल तर उघडूच नका, ती उघडताना त्यातला कोणताही कोड चालू शकतो. सर्व्हरवर किंवा वेगळ्या भाषेत न्यायचं असेल तर ऑनिक्स हे मॉडेल साठवायचं सामायिक स्वरूप सोयीचं पडतं, पण मॉडेलमधले सगळेच ऑपरेटर (गणिती क्रिया) त्यात उतरत नाहीत. म्हणून ट्रेनिंगच्या आधी, रिकामं मॉडेल बनवून एकदा ऑनिक्समध्ये काढून पाहा. निर्यात झाली की तेच १०० नमुने दोन्हीकडे चालवा आणि फरक ०.००१ च्या आत आहे ना ते मोजा. तो जास्त निघाला तर आधी मॉडेल इव्हॅल मोडमध्ये (ट्रेनिंगच्या नव्हे, वापराच्या स्थितीत) होतं का ते बघा. ड्रॉपआउट (ट्रेनिंगपुरते मॉडेलचे काही भाग बंद ठेवणं) चालू राहणं हे नेहमीचं कारण.