३१५च्या बोल्टसाठी घरी अवजारं बनवताय? या चुका टाळा

इंदूर-महूकडच्या परवानाधारकांकडे अजूनही बरेचदा इशापूरची ३१५ बोअर रायफलच दिसते. तिचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, जुन्या ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलीच्या धर्तीचा. आतला स्ट्रायकर (गोळीच्या बुडावर आदळणारी पिन) काढायचा तर बोल्टच्या पुढच्या तोंडातून आत जाणारं, टोकाला दोन दात असलेलं नळीसारखं अवजार लागतं. ते दुकानात सहज मिळत नाही. मग कोणी लेथवाल्याकडून करून घेतं, तर कोणी पकड आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन घरीच बसतं. माझ्या पाहण्यातले बोल्ट गोळ्या झाडून कमी खराब झालेत, अशा घाईच्या अवजारांनी जास्त.

सगळ्यात मोठी चूक अवजार बनण्याआधीच होते. माप घेता यावं म्हणून लोक बोल्टच पोलोग्राउंडच्या किंवा सांवेर रोडच्या लेथवाल्याकडे ठेवून येतात. तसं कदापि करू नका. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये शस्त्राच्या भागांनाही शस्त्रच धरलं आहे, आणि कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. लेथवाला बिचारा गोत्यात येईल आणि तुमचा परवानाही. मापं घरी व्हर्निअरने घ्या, कागदावर आकृती काढा आणि तो कागद घेऊन जा. साफसफाई आपण करायची. भाग बदलणं, घासणं, नवा बसवणं हे परवानाधारक गनस्मिथचं काम.

आता त्या दोन दातांच्या नळीकडे येऊ, कारण खरी गडबड इथेच होते. लोहामंडीतून साधा माइल्ड स्टीलचा पाइप आणायचा आणि कानशीने दात पाडायचे, हा नेहमीचा प्रकार. पहिल्याच जोराला दात पिळवटतात, स्ट्रायकरच्या कॉलरवरून (त्याच्यावरच्या खाचा असलेल्या गोल कड्यावरून) घसरतात आणि कॉलरच्या खाचांच्या कडा गोल होतात. कडा एकदा गेल्या की चांगलं अवजारही धरत नाही. सिल्व्हर स्टीलचा (कडक करता येणाऱ्या पोलादाचा) रॉड घ्या, मधून भोक पाडून घ्या. दात खाचेत पूर्ण खोलीपर्यंत बसले पाहिजेत आणि बाजूला जेमतेम सरकण्याइतकीच फट राहिली पाहिजे. दात किंचित जाड ठेवा आणि बोल्टमध्ये बसवून बघत बघत कानस मारा. नळीचा बाहेरचा व्यास बोल्टच्या आत सैल फिरेल इतका, पण डुगडुगणार नाही इतपत.

दातांना पाणी देताना, म्हणजे पोलाद कडक करताना, दुसऱ्या टोकाची चूक होते. दात लालबुंद करून तेलात बुडवले की लोकांना काम झालं असं वाटतं. तसा दात काचेसारखा कडक होतो आणि बोल्टच्या आत मोडतो. मग तो तुकडा काढता काढता नाकी नऊ येतात. बुडवल्यावर घासकागदाने दात चकचकीत करा आणि मंद आचेवर जांभळट-निळा रंग चढेपर्यंत पुन्हा तापवा. उष्णता मागून, दांड्याकडून द्या, म्हणजे रंग हळूहळू दातांकडे सरकत येताना दिसतो. दातांवर तो रंग आला की लगेच थंड करा.

अवजार नीट असूनही स्ट्रायकर फिरत नसेल तर जोर लावू नका, आधी मागे बघा. कॉकिंग पीसमध्ये (बोल्टच्या मागचा, स्ट्रायकरचं शेपूट ज्यात बसतं तो तुकडा) एक छोटा स्क्रू असतो, तो स्ट्रायकरच्या शेपटाला अडवून धरतो. तो न काढता फिरवलं की एक तर दात जातील नाही तर स्क्रू. या स्क्रूसाठी किराणा दुकानातला निमुळत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर नको. पात्याच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात आणि रुंदी खाचेएवढीच, नाही तर पातं वर उसळून स्क्रूचं डोकं खातं. जुन्या स्क्रूड्रायव्हरचं पातं ग्राइंडरवर घासून हे सहज जमतं. फक्त दर दोन-चार सेकंदांनी ते पाण्यात बुडवा; निळं पडलं तर त्यातला कडकपणा गेला.

स्ट्रायकर सोडवताना कॉकिंग पीस बोल्टच्या लांब खाचेतच बसलेला ठेवा. तिथे स्प्रिंगवर ताण कमीत कमी असतो. तरीही शेवटचा आटा सुटताना स्प्रिंग उसळी मारतेच. चेहरा बोल्टच्या तोंडासमोर नको, चष्मा घाला. आणि हे सगळं चेंबर, मॅगझिन दोन्ही रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघितल्यावरच. गोळ्या त्या खोलीतच नकोत.

परत जोडताना गडबड होते ती खोलीची. स्ट्रायकरचं मागचं टोक कॉकिंग पीसच्या मागच्या पृष्ठभागाशी सपाट आलं पाहिजे, स्क्रूची खाच समोरासमोर यायला हवी. एक फेरा कमी-जास्त झाला तर पुढे पिन कमी-जास्त निघते: कमी निघाली तर गोळी फुटत नाही, जास्त निघाली तर प्रायमर (गोळीच्या बुडातली पेट घेणारी टिकली) फाटतो. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

बोल्ट शिकंज्यात धरताना जबड्यांवर ॲल्युमिनियमचा अँगल किंवा जाड चामडं लावा. बोल्ट हेड (बोल्टचं आट्यांवर बसणारं पुढचं टोक) हाताने बसतो तेवढाच आवळा. दोन रायफली एकदम उघडल्या असतील तर बोल्टची अदलाबदल होऊ देऊ नका. बोल्टवरचा नंबर रिसीव्हरशी (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याशी) जुळलाच पाहिजे, कारण हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून गोळी चेंबरमध्ये जिथे टेकते तिथपर्यंतचं अंतर, त्या जोडीचा असतो.

याच कारणाने लॉकिंग लगवर (बोल्ट रिसीव्हरमध्ये अडकवून ठेवणाऱ्या उंचवट्यावर) घासकागद किंवा पॉलिशची पेस्ट कधीही लावू नका. चाल मऊ होईल, पण तिथून गेलेलं लोखंड परत येत नाही आणि हेडस्पेस वाढतो. स्ट्रायकरच्या टोकावरही कानस नको. चाल खरंच अडत असेल तर बहुतेक वेळा आत वाळलेलं तेल असतं. घरातलं खोबरेल किंवा सरसोचं तेल चिकट होऊन बसतं. केरोसिनने धुवा, कोरडं करा आणि पातळ मशीन ऑइलचा नुसता हात फिरवा. पावसाळ्यात बोल्ट रेक्झिनच्या केसमध्ये ठेवू नका, ओल आतच अडकते.