थायरॉइडचा रिपोर्ट वाचायचा कसा

रिपोर्ट फोनवर आला की आधी नजर जाते ती ठळक आकड्यावर, आणि टीएसएच हाय दिसलं की घरात जाहीर होतं "थायरॉइड वाढलंय". खरं तर बहुतेक वेळा उलटं असतं. टीएसएच थायरॉइड बनवतच नाही, ते मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी सोडते, थायरॉइडला कामाला लावायला. थायरॉइड सुस्त पडलं की ती जास्त सोडते, म्हणून आकडा चढतो.

तर आधी टीएसएच बघा, मग फ्री टी४, म्हणजे थायरॉइड स्वतः बनवतं त्या टी४ हार्मोनचा रक्तात मोकळा फिरणारा भाग. टीएसएचची नॉर्मल रेंज साधारण ०.४ ते ४ असते, पण लॅबप्रमाणे थोडी बदलते म्हणून आपल्याच कागदावरची धरायची, शेजारच्या काकूंची नाही. टीएसएच जास्त नि फ्री टी४ कमी, म्हणजे हायपो, थायरॉइड सुस्त. टीएसएच अगदी कमी नि फ्री टी४ किंवा टी३ (थायरॉइडचंच दुसरं हार्मोन) जास्त, म्हणजे हायपर, थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतंय. टीएसएच नि फ्री टी४ दोन्ही कमी असतील तर गडबड पिट्युटरीची असू शकते, तिथे उशीर नको.

सगळ्यात गोंधळ होतो मधल्या केसमध्ये. समजा टीएसएच ७.२ आलं आणि फ्री टी४ १.१, त्याची रेंज ०.८ ते १.८, म्हणजे व्यवस्थित. याला सबक्लिनिकल हायपो म्हणतात, यात लगेच गोळी लागतेच असं नाही, डॉक्टर बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी परत टेस्ट करायला सांगतात, सोबत अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतंय का ते दाखवणारी टेस्ट) बघतात. टीएसएच १० च्या वर गेलं की मात्र गोळीचा विचार होतोच. प्रेग्नन्सीत हिशोब वेगळा, तेव्हा वाट बघत बसू नका.

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये बहुतेकदा साधं टोटल टी३, टी४ असतं, म्हणजे रक्तातल्या प्रोटीनला चिकटलेलं धरून सगळं, फ्री नाही. प्रेग्नन्सीत किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या तर टोटल टी४ उगाच जास्त दिसतं.

आणि बायोटिन, म्हणजे केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन! केस गळतात म्हणून लोक त्या गोळ्या नाहीतर गमीज खातात, आणि बऱ्याच लॅबच्या पद्धतीत त्याने टीएसएच खोटं कमी नि टी४ खोटं जास्त येतं, म्हणजे कागदावर चक्क हायपर. टेस्टआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते विचारून घ्या.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या. डोस बदलला की सहा ते आठ आठवडे थांबून टेस्ट करायची, पंधरा दिवसांत टीएसएच स्थिरावत नाही, आणि आकडा बघून स्वतःच अर्धी गोळी कमी करायची तर अजिबात नाही.