भूकंपाच्या भीतीने झोप उडालीय? निदान या चुका तरी टाळा

जमीन हलायची थांबते बहुधा मिनिटभरात. माणसाच्या आतलं हलणं मात्र महिनोन्‌महिने चालू राहतं. या भीतीत चूक काहीच नाही. चुकतं ते भीती घालवायच्या नादात लोक जे करत बसतात ते, आणि त्याच त्या चुका प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर नव्याने होतात. म्हणून आधी एक चाळणी हाताशी ठेवा: मी आत्ता जे करतोय त्याने घर सुरक्षित होतंय, की मला फक्त दहा मिनिटं बरं वाटतंय? पहिल्या प्रकारचं काम कधीतरी पुरं होतं. दुसऱ्या प्रकारचं काम कधीच पुरं होत नाही, आणि त्यातूनच भीती पोसली जाते.

भीती वाटते ती जागा टाळत राहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. धक्का रात्री बसला असेल तर झोपायची खोली नकोशी होते. मग दिवाणखान्यात झोपायचं, तेही बाहेरच्या कपड्यांवर, दिवा चालू ठेवून. आंघोळ दार उघडं ठेवून आणि घाईघाईत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बहिणीकडे जाणं बंद. यातल्या प्रत्येक गोष्टीने त्या क्षणी हायसं वाटतं आणि मन धडा घेतं, की ‘टाळलं म्हणून वाचलो’. पुढच्या वेळी टाळायची यादी आणखी लांबते.

तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ च्या मार्मारा भूकंपानंतर हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. घरं शाबूत असूनही लोक आत जायला धजत नव्हते, एकट्याने झोपत नव्हते. मनोविकारतज्ज्ञ मेतिन बाशोलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांना ‘घाबरू नका’ असं समजावत बसण्यापेक्षा टाळलेल्या जागी स्वतःहून जायला सांगितलं. काहींना भूकंपासारखी हलणाऱ्या खोलीत उभं केलं, पण हलणं कमी-जास्त करायचं आणि थांबवायचं नियंत्रण त्यांच्याच हातात दिलं. बऱ्याच जणांना फार थोड्या भेटींत फरक पडला. भीती शून्यावर आणणं हा हेतूच नव्हता. भीती असतानाही आपण त्या जागी टिकू शकतो, हे अंगाला कळणं महत्त्वाचं.

घरच्या घरी हे असं करा. टाळत असलेल्या जागा आणि कामं कागदावर लिहा, प्रत्येकाला भीतीचे ० ते १० गुण द्या. ३-४ गुणांच्या कामापासून सुरुवात करा, उदाहरणार्थ दिवसा झोपायच्या खोलीत दार लावून बसणं. भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथून उठू नका. याला बहुधा अर्धा ते एक तास लागतो, म्हणून घड्याळ बाजूला ठेवा. भीती अगदी शिगेला असताना पळालात, तर पळण्यानेच सुटका झाली असं मन पुन्हा शिकेल. तीच पायरी रोज करा. ती कंटाळवाणी वाटायला लागली की पुढची घ्या: दिवा मालवून पडून राहणं, मग रात्रभर झोपणं.

इथे उतावळे लोक दोन तऱ्हेने घोळ घालतात. काही जण पहिल्याच दिवशी १० गुणांची पायरी गाठायला जातात आणि तोंडघशी पडतात. काही जण पाच मिनिटं बसून ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणत उठतात. पाच मिनिटांत भीती फक्त चढते, उतरायला तिला वेळ द्यावा लागतो. 

एक अट मात्र पाळायचीच. हे सगळं फक्त सुरक्षित ठरलेल्या इमारतीत. खांबाला तिरकी भेग गेली असेल, तुळई आणि खांबाच्या जोडावरचं काँक्रीट निघून सळई दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. तिथे वाटणारी भीती बरोबर आहे.

‘आज रात्री २ वाजता मोठा भूकंप’

दिवस, वेळ आणि तीव्रता तिन्ही सांगणारा निरोप खोटा असतो. तो कोणाच्याही नावाने फिरत असो, पुढे पाठवू नका.

अमेरिकेत आयबेन ब्राउनिंग नावाच्या गृहस्थांनी न्यू मॅड्रिड भागात ३ डिसेंबर १९९० च्या सुमारास मोठा भूकंप होण्याची शक्यता वर्तवली. आधार काय, तर चंद्र-सूर्याच्या ओढीचा जोर. भूकंपतज्ज्ञांनी आधीच हा दावा मोडीत काढला होता. तरी शाळा बंद राहिल्या, लोक गाव सोडून गेले, वार्ताहर कॅमेरे घेऊन न्यू मॅड्रिड या छोट्या गावात ठाण मांडून बसले. झालं काहीच नाही. याउलट कॅलिफोर्नियातलं पार्कफील्ड बघा. शास्त्रज्ञांनी तिथे जमिनीत ठिकठिकाणी उपकरणं बसवली, जुन्या भूकंपांमधलं अंतर मोजलं आणि पुढचा १९९३ च्या आत येईल असा अंदाज बांधला. तो आला २८ सप्टेंबर २००४ ला. इतक्या तयारीने केलेलं गणित अकरा वर्षांनी चुकतं, तर मोबाइलवरच्या निरोपाला किती किंमत द्यायची?

खरा अंदाज शक्यतेच्या भाषेत असतो: अमुक भागात पुढच्या तीस वर्षांत इतके टक्के. त्यावर रात्र जागून काढायची नसते, भिंती आणि कपाटं पक्की करायची असतात. अफवेचं खरं नुकसान तारीख उलटल्यावर होतं. ‘टळलं एकदाचं’ म्हणून हातातली तयारी अर्धवट सुटते.

दिवसभर भूकंपाचं अ‍ॅप उघडणं

जगात दिवसाला पन्नासहून जास्त भूकंपांची नोंद होते. सगळ्यांची सूचना चालू ठेवली तर मनाला उसंत मिळणारच नाही. २०० किलोमीटरच्या आत आणि ४.५ तीव्रतेच्या वर, एवढीच सूचना ठेवा. उरलेली बंद.

प्रत्येक डुलणं धक्काच समजणं

मोठ्या धक्क्यानंतर काही आठवडे जमीन हलल्याचा भास होणं नेहमीचंच आहे. पलंगावर निवांत पडल्यावर तर स्वतःच्या नाडीचे ठोकेही हादऱ्यासारखे जाणवतात. टांगलेला दिवा किंवा बाटलीतलं पाणी एकदा बघा, दहा सेकंद. हलत नसेल तर तो विषय तिथेच सोडा. बाटली समोर ठेवून तिच्याकडे टक लावून बसणं ही त्याच चुकीची पुढची पायरी आहे.

कपाट प्लास्टरला अडकवणं

‘मी कपाट भिंतीला ठोकलंय’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते प्लास्टरला ठोकलेलं असतं. प्लास्टर साधारण १२ ते २० मिलिमीटर जाड असतं. २५ मिलिमीटरचा स्क्रू त्यातच संपतो आणि पहिल्याच झटक्यात प्लास्टरच्या खपलीसकट बाहेर येतो. ८ मिलिमीटरचं ड्रिल घ्या, भोक विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल जाऊ द्या, प्लास्टिकची गिट्टी प्लास्टरच्या पलीकडे बसेल इतकी आत सरकवा आणि किमान ६० मिलिमीटरचा स्क्रू वापरा. एल पट्टी कपाटाच्या चौकटीला लावा, पाठीच्या पातळ फळीला नको, ती फाटते. दुतर्फी चिकटपट्टीवर भागवणाऱ्यांनी आधी कपाटाचं वजन करून बघावं.

सुरुवात झोपायच्या खोलीपासून करा. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या आत झाला होता. उशाशी असलेली जड तसबीर काढा. बूट आणि टॉर्च पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधा. नुसते जमिनीवर ठेवलेले बूट अंधारात सापडत नाहीत, सापडले तर त्यात काचा असतात.

बारीकसारीक पण घातक

हादरे चालू असताना जिन्याकडे धावणं. पक्क्या घरात भक्कम टेबलाखाली बसा, एका हाताने टेबलाचा पाय घट्ट धरा, दुसऱ्याने मान झाका. दगड-मातीच्या जड छपराच्या घरात दार दोन पावलांवर असेल तरच लगेच मोकळ्यावर जा.

दाराच्या चौकटीत उभं राहणं. हल्लीच्या घरांत चौकट बाकीच्या भिंतीपेक्षा मजबूत नसते.

सराव फक्त तोंडी करणं. महिन्यातून एकदा खरोखर टेबलाखाली शिरा.

‘आता पुन्हा होणार नाही’ असं मुलांना सांगणं. नंतरचे छोटे धक्के येतातच, आणि मग मूल तुमच्या पुढच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. ‘लहान धक्के येतील, आपण टेबलाखाली जायचं’ एवढं सांगा. धक्क्यांची संख्या दिवसागणिक घटत जाते, हेही सांगा.

झोपेसाठी दारू किंवा दुसऱ्याच्या गोळ्या. झोप उथळ होते आणि खरंच धक्का आला तर जाग उशिरा येते. महिना उलटूनही भूकंपाची स्वप्नं पडत असतील, कामावर जाणं अवघड होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि वर सांगितलेली गुणांची यादी सोबत न्या, पहिल्या भेटीतला बराच वेळ वाचतो.